ही आरोळी नेमकी कोणाची?

मागच्या वर्षी इंटर-हॉस्टेल फुटबॉलची फायनल वर्कशॉपमागच्या ग्राउंडवर झाली. बी ब्लॉक विरुद्ध सी ब्लॉक. आम्ही बी वाले. आमच्याकडे एक कवी आहे (प्रत्येक ब्लॉकमध्ये एक असतोच!). त्याने रात्रभर जागून बारा ओळींचं 'टीम साँग' लिहिलं. यमक अगदी चोख, शब्द भारदस्त. आम्ही वर्गणी काढून दीडशे झेरॉक्स मारल्या आणि वाटल्या. किकऑफ झाला, गाणं सुरू झालं. पहिली ओळ सगळ्यांनी म्हटली. दुसरी निम्म्यांनी. तिसऱ्या ओळीला पुढची पोरं चौथीवर पोचली होती आणि मागची अजून दुसरीवरच होती! दहाव्या मिनिटाला झेरॉक्सची विमानं ग्राउंडवर उडत होती.

सी ब्लॉकने काय केलं? मेसमधून स्टीलची ताटं आणली. ताटावर दोन ठोके आणि 'सी ब्लॉक!'. पुन्हा दोन ठोके, पुन्हा 'सी ब्लॉक!'. बस्स. गर्ल्स हॉस्टेलपर्यंत ऐकू जात होतं म्हणे.

हाफटाइमनंतर मात्र चित्र पालटलं. आमच्यातलं कुणीतरी (कोण, ते आजतागायत कळलेलं नाही) त्यांच्या गोलकीपरकडे बघून ओरडलं, 'वाय-डी!' गोलकीपरला थर्ड इयरला वायडी लागला होता, हे सगळ्या कॅम्पसला माहीत होतं. दुसऱ्या क्षणी दहा जण ओरडले आणि मिनिटाभरात अख्खा बी ब्लॉक. 'वाय-डी! वाय-डी!' झेरॉक्स नाही, प्रॅक्टिस नाही, कवी नाही. दीडशे गळे एका ठेक्यात. मीही ओरडलो. मजा आली, खोटं कशाला बोलू?

मॅच आम्ही जिंकलो. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत राहिला. रात्रभर जागून लिहिलेलं गाणं दहा मिनिटांत मेलं आणि कुणीच न लिहिलेली आरोळी अर्धा तास टिकली, असं का? मग परीक्षेचा अभ्यास सोडून (हे आपलं नेहमीचंच) मी इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल क्लबांच्या आरोळ्या आणि गाणी कुठून आली ते शोधत बसलो. त्यातून जे हाताला लागलं ते इथे मांडतो आहे.

क्लबपेक्षा जुनं गाणं

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरिच नावाचं शहर आहे. तिथला नॉरिच सिटी हा क्लब १९०२ साली स्थापन झाला. पण तिथले प्रेक्षक जे 'ऑन द बॉल, सिटी' हे गाणं गातात, ते १८९० च्या दशकातलं, म्हणजे क्लबच्याही आधीचं मानलं जातं. गावातल्या दुसऱ्याच एका छोट्या संघासाठी ते रचलं गेलं आणि पुढे नव्या क्लबकडे आलं. आजही गायलं जाणारं जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल-गीत असा त्याचा लौकिक आहे. म्हणजे बारसं नंतर आणि पाळणा आधी!

दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्ट्समथची कथा आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना जास्त आवडेल. तिथे आरोळीचा जन्म घड्याळातून झाला. हे नौदलाचं शहर, त्यामुळे तिथे लष्कराचेही संघ होते. १८९० च्या दशकात रॉयल आर्टिलरीचा संघ ज्या मैदानावर खेळायचा, त्याच्या जवळच टाउन हॉलचा मनोरा होता. १८९० मध्ये बांधून झालेला हा टाउन हॉल आज गिल्डहॉल म्हणून ओळखला जातो. मनोऱ्यातलं घड्याळ दर पाव तासाला टोल द्यायचं. रेफरी वेळेसाठी त्या घड्याळाकडे बघत आणि प्रेक्षक टोलांच्या सुरात सूर मिसळून आपल्या संघाला जोर लावायला सांगत, अशी हकिगत आहे. १८९८ मध्ये पोर्ट्समथ फुटबॉल क्लब निघाला आणि लष्कराच्या संघाचे प्रेक्षक आपली आरोळी घेऊन नव्या क्लबकडे आले. तिचं नावच 'पॉम्पी चाइम्स' आहे. पॉम्पी हे शहराचं टोपणनाव आणि चाइम्स म्हणजे टोल.

हे टोल तुम्हीही ऐकलेले असणार. जुन्या वाड्यांत किंवा आजोबांच्या घरी भिंतीवरचं मोठं घड्याळ पाव तासाला जी टिंग-टँग धून वाजवतं, तीच ही. लंडनच्या बिग बेनमुळे ती जगभर गेली. पण तिचा जन्म १७९३ मधला, केंब्रिजमधल्या एका चर्चच्या घड्याळासाठी झालेला. गंमत म्हणजे तिच्यात स्वर फक्त चार आहेत. तेच चार स्वर वेगवेगळ्या क्रमाने लावून सगळी धून तयार होते. (पर्म्युटेशनचा उपयोग काय, असं एम-थ्रीच्या तासाला विचारणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) चार स्वर, मोजके शब्द. एवढं कुणाच्याही लक्षात राहतं.

थोडं फिजिक्स

आमच्या कवीचं गाणं का मेलं, याचं अर्धं उत्तर इथे आहे. आवाजाचा वेग हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर. फुटबॉलचं मैदान सुमारे १०५ मीटर लांब. म्हणजे एका गोलमागच्या प्रेक्षकाची आरोळी दुसऱ्या गोलमागच्या माणसाच्या कानावर पडायला ०.३ सेकंद लागतात. वाटतं फार कमी, पण मिनिटाला १२० ठोक्यांचा ठेका घेतला तर दोन ठोक्यांमधलं अंतर ०.५ सेकंद. म्हणजे समोरचा आवाज तुमच्यापर्यंत अर्ध्या ठोक्याहून जास्त उशिरा पोचणार. एकाच स्टँडच्या दोन टोकांमध्ये ५० मीटर अंतर असलं तरी ०.१५ सेकंदाचा फरक पडतोच. पुढे उभा राहून हात हलवणारा कंडक्टर नाही आणि प्रत्येक जण शेजाऱ्याचं ऐकून गातो. अशा वेळी भरभर म्हणायचे जोडाक्षरांचे शब्द एकमेकांवर आदळून त्यांचा चिखल होतो.

टिकतं काय? जे संथ आहे, ज्यातले स्वर लांबवता येतात, जे छोटं आहे आणि पुन्हा पुन्हा म्हणता येतं ते. लांबवलेल्या 'आ' किंवा 'ओ' मध्ये पाव सेकंदाची चूक बुडून जाते. शिवाय गर्दीला नवी चाल शिकवत बसायला वेळ नसतो. म्हणून चाल आधीच सगळ्यांच्या तोंडी असलेली लागते. सिनेमाच्या चालीवर आरती बसवतात ना, तोच हिशोब. त्यामुळे जुन्या आरोळ्यांचा उगम शोधायला गेलं की फुटबॉल बाजूलाच राहतं आणि आपण नाटक, रेडिओ आणि चर्च यांच्या दारात जाऊन उभे राहतो.

नाटकातून स्टँडमध्ये

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिव्हरपूलचं. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं माहीत नाही असा फुटबॉलवेडा हॉस्टेलवर सापडणार नाही. पण ते मुळात फुटबॉलचंही नाही आणि इंग्लंडचंही नाही. हंगेरीच्या फेरेन्स मोल्नार याने १९०९ मध्ये 'लिलिओम' नावाचं नाटक लिहिलं. त्यावरून अमेरिकेत रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या जोडीने १९४५ मध्ये 'कॅरुसेल' हे संगीत नाटक आणलं. नायक मरतो, नायिका एकटी पडते, तेव्हा तिला धीर देण्यासाठी तिची नात्यातली बहीण (कझिन) हे गाणं गाते. दुसरं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. प्रेक्षागृहात बसलेल्या कितीतरी जणांचे मुलगे आणि नवरे आघाडीवर होते. त्यांना ते गाणं आपलंच वाटलं असणार.

१९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच गेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ते रेकॉर्ड केलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. त्या काळी अ‍ॅनफील्ड स्टेडियमवर मॅचच्या आधी लाउडस्पीकरवर त्या आठवड्यातली टॉप टेन गाणी लावत. शहरात बीटल्सची लाट होती, पोरं लाउडस्पीकरच्या बरोबरीने गात. १९६४ च्या एप्रिलमध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमाने तिथल्या प्रेक्षकांचं चित्रीकरण केलं. त्यात हजारो लोक उभे राहून बीटल्सची गाणी एका सुरात गाताना दिसतात. असं सांगतात, की पुढे हे गाणं टॉप टेनमधून खाली घसरलं, लाउडस्पीकरवर लागेनासं झालं, तरी स्टँडने ते सोडलं नाही. बाकीची हिट गाणी आली तशी गेली, हे राहिलं. ते संथ आहे, हळूहळू वर चढत जातं, आणि त्यातला अर्थ हरणाऱ्या माणसाच्याही कामाचा आहे.

या स्टँडच्या नावातही एक गोष्ट आहे. त्याला 'कॉप' म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात जानेवारी १९०० मध्ये स्पियन कॉप नावाच्या टेकडीवर मोठी लढाई झाली आणि इंग्लंडच्या त्या भागातले अनेक सैनिक तिथे मारले गेले. १९०६ मध्ये अ‍ॅनफील्डला गोलमागे मातीचा उंच उतार उभारला, तेव्हा एका स्थानिक पत्रकाराने त्या टेकडीची आठवण म्हणून त्याला हे नाव सुचवलं. आपल्याला ओळखीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे त्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांमध्ये नाताळमधल्या हिंदी लोकांचं एक पथक होतं आणि ते उभं करणारे होते बॅरिस्टर मोहनदास गांधी!

साबणाचे फुगे आणि चॅपेलची चाल

लंडनच्या वेस्ट हॅमचं गाणं ऐकलं की पहिल्यांदा हसूच येतं. हा क्लब मूळचा थेम्स काठच्या जहाज बांधणाऱ्या लोखंडी कारखान्याच्या कामगारांचा, चिन्हावर दोन हातोडे. आणि हे रांगडे लोक गातात काय, तर साबणाचे फुगे उडवण्याबद्दल! 'आय अ‍ॅम फॉरएव्हर ब्लोइंग बबल्स' हे १९१८ चं अमेरिकन गाणं, १९२० च्या सुमारास इंग्लंडमधल्या नाट्यगृहांत गाजलेलं. ते या क्लबकडे कसं आलं याची कथा अशी सांगतात: मिले या चित्रकाराचं फुगे उडवणाऱ्या मुलाचं १८८६ मधलं एक चित्र पेअर्स साबणाच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोचलं होतं. वेस्ट हॅम भागातल्या एका शाळेच्या फुटबॉल संघात तसाच कुरळ्या केसांचा एक मुलगा होता, त्याला सगळे 'बबल्स' म्हणत आणि तो चांगला खेळला की त्याचे हेडमास्तर हे गाणं म्हणत. हेडमास्तरांची क्लबमध्ये ओळख होती, तिथून गाणं स्टेडियमवर गेलं. ही कथा सगळ्याच इतिहासकारांना मान्य नाही. वेल्समधल्या स्वान्सीचे प्रेक्षक हे गाणं वेस्ट हॅमच्या आधीपासून गात होते, असं काही जण म्हणतात. पण गाणं टिकलं ते का, हे स्पष्ट आहे. फुगे वर जातात आणि फुटतात. वेस्ट हॅमने इंग्लंडची पहिल्या दर्जाची लीग एकदाही जिंकलेली नाही. अशा क्लबच्या प्रेक्षकांना याहून खरं गाणं कुठलं मिळणार?

वेल्सवरून आठवलं. समोरचा संघ गोल खाऊन गप्प झाला की त्यांच्या प्रेक्षकांना 'आता का गप्प बसलात?' अशा अर्थाची जी आरोळी इंग्लंडभर देतात, तिची चाल चक्क एका भजनाची आहे. कोळशाच्या खाणींच्या ऱ्होन्डा खोऱ्यातल्या एका चॅपेलसाठी जॉन ह्यूज याने १९०७ मध्ये रचलेली 'कूम ऱ्होन्डा' ही ती चाल. खाणकामगार रविवारी चॅपेलमध्ये ती गात आणि शनिवारी मॅचला जात. एकच गळा, दोन कामं.

अमुक खेळाडू जगात एकमेव आहे असं सांगणाऱ्या आरोळीची चाल तर क्यूबाहून आली. 'ग्वांतानामेरा' ही ती चाल. १९४० च्या दशकात होसेइतो फर्नांडेस हा गायक हवानाच्या रेडिओवर याच चालीवर रोजच्या बातम्या, विशेषतः गुन्ह्यांच्या भानगडी, गाऊन सांगायचा. १९६६ मध्ये सँडपायपर्स या अमेरिकन गटाने तिची रेकॉर्ड काढली, ती गाजली आणि चाल स्टेडियममध्ये शिरली. म्हणजे ती आधीपासूनच रिकाम्या साच्यासारखी होती. हवानात बातमी ओता, इंग्लंडमध्ये खेळाडूचं नाव ओता.

हे सगळं जुनं झालं, आता असं घडत नाही, असं वाटत असेल तर २००३ घ्या. बेल्जियमच्या क्लब ब्रुगेचे प्रेक्षक एसी मिलानविरुद्धच्या मॅचसाठी इटलीत गेले होते. २२ ऑक्टोबरला मिलानमधल्या एका बारमध्ये त्यांनी अमेरिकेच्या व्हाइट स्ट्राइप्स बँडचं 'सेव्हन नेशन आर्मी' ऐकलं आणि त्यातली सात स्वरांची सुरावट शब्दांशिवाय गात ते स्टेडियममध्ये गेले. ब्रुगे १-० ने जिंकले, झालं, सुरावट शकुनाची ठरली. २००६ मध्ये रोमाचे प्रेक्षक ब्रुगेला मॅचसाठी गेले आणि ती उचलून घरी घेऊन आले. त्याच वर्षी इटलीने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा अख्खा देश 'पो-पो-पो' करत होता. चाल बनवणारा जॅक व्हाइट या सगळ्यात कुठेच नव्हता.

चाल निरागस असते, शब्द नसतात

इथपर्यंत वाचून वाटेल, किती छान! पण याच साच्यात काहीही ओतता येतं. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमान अपघातात २३ जण गेले, त्यात मँचेस्टर युनायटेडचे ८ खेळाडू होते. पुढे कित्येक वर्षं विरोधी प्रेक्षक त्या मृत्यूंवर आरोळ्या देत राहिले. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे प्रेक्षक सापडले. मृतांची संख्या ९७. शेवटचा मृत्यू, त्याच दिवशी झालेल्या जखमांमुळे, २०२१ मध्ये झाला. त्यावरही आरोळ्या झाल्या. चाली त्याच, सगळ्यांना पाठ असलेल्या, सोप्या, संथ.

ब्रिटनने १९९१ मध्ये कायदा करून स्टेडियमवरच्या वंशद्वेषी आणि अश्लील आरोळ्या हा गुन्हा ठरवला. त्यात एक पळवाट होती. दोन किंवा जास्त जणांनी मिळून ओरडलं तरच ती 'आरोळी' धरली जायची. १९९९ मध्ये दुरुस्ती झाली, आता एकट्याने ओरडलं तरी गुन्हा. मला ही दुरुस्ती फार विचार करण्यासारखी वाटली. गर्दीत प्रत्येकाला वाटतं, मी थोडाच ओरडतोय, सगळे ओरडताहेत. कायदा म्हणाला, सगळे म्हणजे कोण? तूच की!

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० मधल्या अहवालाने मोठ्या स्टेडियमवर उभं राहण्याच्या जागा काढून खुर्च्या बसवायला सांगितलं. कॉपवर पूर्वी २५ हजारांहून जास्त लोक दाटीवाटीने उभे राहत. ३० एप्रिल १९९४ ला तिथे उभं राहून पाहिलेली शेवटची मॅच झाली. पाहुणा संघ होता नॉरिच, तेच ते क्लबपेक्षा जुनं गाणं असणारे! लिव्हरपूल ०-१ ने हरलं. नंतर खुर्च्या बसल्या, जागा निम्म्याहून कमी झाली. खांद्याला खांदा लागून गाण्यातला आवाज खुर्च्यांवरून येत नाही अशी जुन्या लोकांची तक्रार असते. २०२२ पासून इंग्लंडमध्ये कठडे लावलेल्या सुरक्षित जागांवर पुन्हा उभं राहायला परवानगी मिळाली आहे. पण ते गाणं खुर्च्यांवरही टिकलं. २००५ मध्ये इस्तंबूलच्या फायनलला हाफटाइमला लिव्हरपूल ०-३ ने मागे असताना त्यांच्या प्रेक्षकांनी तेच गायलं. पुढे ३-३ झालं आणि पेनल्टीवर कप मिळाला. गाण्यामुळे गोल झाले असं मी म्हणणार नाही. पण हरत असताना गाण्यासारखं त्यांच्याकडे काहीतरी होतं, हे नक्की.

तर मंडळी, आमच्या 'वाय-डी'चं काय? सगळ्या कसोट्यांवर लावून बघा. तीन अक्षरं, शेवटचं लांबवता येणारं. ठेका सोपा, शब्द सगळ्यांना आधीच माहीत. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने परफेक्ट डिझाइन! म्हणूनच ती चालली. कुणी लिहिली नाही, म्हणून कुणाची नाही, असं आम्ही स्वतःला सांगितलं.

त्या रात्री मेसमध्ये फीस्ट होती. तो गोलकीपर शेवटच्या टेबलावर एकटाच बसला होता. त्याने ताट अर्धवट ठेवलं आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, त्याचे वडील मॅच बघायला गावाहून आले होते. वायडीचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं.

मी आठवड्याभराने त्याच्या रूमवर गेलो. सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "अरे, सगळेच ओरडत होते." मी म्हटलं, "हो, पण मीही होतो." मग त्याने चहा केला आणि आम्ही बराच वेळ फुटबॉलवर बोलत बसलो.

यंदा फायनल फेब्रुवारीत आहे. कवीमहाशयांना सांगितलंय: बारा ओळी नकोत, चार शब्द पुरेत. चाल सगळ्यांना येणारी घे. आणि लिहून झालं की समोरच्या गोलकीपरचे वडील शेजारी बसलेत असं समजून एकदा मोठ्याने म्हणून बघ. ताटं मात्र यंदा आम्हीही आणणार, मेसच्या काकांना आधी विचारून!